सोसायटीचं सोलर: साधं ऑन-ग्रिड की बॅटरीसह हायब्रिड?

सर्वसाधारण सभेत सोलर मंजूर झालं की खरी चर्चा सुरू होते ती कोटेशनवर. नेरुळच्या आमच्या सोसायटीत ती बरेच महिने चालली.

नुसता हिशेब पाहिला तर ऑन-ग्रिडला, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या सोलरला, तोड नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. बॅटरीसाठी वेगळं काही मिळत नाही. दुपारची जादा वीज नेट मीटरिंगमुळे संध्याकाळच्या वापरातून वजा होते, त्यामुळे पैसे लवकर वसूल होतात.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. बाहेरची वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही (पॅनलची वीज घरगुती वापराजोगी करणारं यंत्र) बंद पडतो. हा दोष नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये, म्हणून ते आवश्यकच आहे. पण शेजारच्या सोसायटीत मे महिन्याच्या भर उन्हात मी पाहिलं, वर पॅनल तळपतायत आणि खाली डिझेल जनरेटर धडधडतोय. तो सुरू होईपर्यंत लिफ्ट बंद, आणि भाजीची पिशवी घेऊन एक आजी जिन्यात टेकलेल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळीच गेली होती. तशा दिवशी गच्चीवर कितीही पॅनल असली तरी ऑन-ग्रिडवर साधा पंप चालत नाही.

आम्ही हायब्रिड, म्हणजे बाहेरची वीज गेल्यावरही बॅटरीवर चालणारं सोलर घेतलं, पण बॅटरी लहान ठेवली. एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढाच लोड तिच्यावर, तोही वेगळ्या डीबीवरून (वीज वाटणाऱ्या स्विचबोर्डवरून). लिफ्टची मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते, त्यामुळे इन्व्हर्टर तेवढा दमदार लागतो. हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बॅटरी तापत्या गच्चीवर ठेवू नका आणि पावसाचं पाणी शिरतं अशा तळमजल्यावरही नको. जनरेटर आम्ही काढलेला नाही, पण अलीकडे तो क्वचितच लावावा लागतो.

खर्च जास्त आला, हे खरंच. दहाएक वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढतो. लिफ्ट नसलेल्या बैठ्या इमारतींना कदाचित ऑन-ग्रिडच बरं पडेल. मात्र सात मजले आणि ज्येष्ठ नागरिक बरेच असतील, तर मी हायब्रिडकडेच झुकेन. आज बजेट बसत नसेल, तर निदान पुढे बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर मागा.