थिंकपॅड ई१४: हिंज बघून घेतलेला, द्राक्षाचा एक सीझन काढलेला

आधीच्या लॅपटॉपचं हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, गेलं ते ऐन फेब्रुवारीत, दारात कंटेनर लागलेला असताना. पापड मोडावा एवढाच आवाज झाला. कंपनीचं नाव घेत नाही. चूक माझीही होतीच. घेताना प्रोसेसर विचारला, रॅम विचारली, एसएसडी विचारली. झाकण एकदाही स्वतःच्या हाताने उघडून बघितलं नाही.

मी नाशिकजवळ पिंपळगावला एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. पॅकिंग लिस्ट, ग्रेपनेटवरच्या (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंदी, इनव्हॉइस. राहायला आडगाव नाक्याला, म्हणजे रोजची साठेक किलोमीटरची ये-जा. लॅपटॉप दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडायचा-मिटायचा, तोही डाव्या हाताने कोपऱ्याला धरून, कारण उजव्या हातात पॅड नाहीतर मोबाइल. एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ त्याच बाजूच्या हिंजवर येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

रिपेअरिंगवाल्या काकांनी खालचं कव्हर काढून दाखवलं. मला वाटलं होतं हिंजची पट्टीच तुटली असणार. ती ठणठणीत होती. फुटलं होतं ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक. त्यात पितळेचे बारीक नट बसवलेले असतात, मुगाच्या दाण्याएवढे. प्लास्टिकच्या खुंट्या फुटून तीनही नट स्क्रूसकट उपटून आले होते. काका म्हणाले, "ताई, कडक हिंज दुकानात भारी वाटतं. पण त्याचा सगळा जोर या खुंट्यांवर. लोखंड काही वाकत नाही, मग प्लास्टिक फुटतं." एपॉक्सी (कडक होणारा डिंक) भरून दिलं, ते तीन आठवडे टिकलं. उरलेला सीझन स्क्रीन खोक्याला टेकवून काढला.

डिसेंबरात शेठनी सत्तर हजार मंजूर केले, जीएसटी धरून. (बिलावर फर्मचा जीएसटी नंबर टाकला की १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून एवढा उदारपणा.) दोन शनिवार मी एम.जी. रोड आणि कॉलेज रोडची दुकानं पालथी घातली. एचपीचं प्रोबुक, डेलचं लॅटिट्यूड, एसूसचं एक्स्पर्टबुक, लेनोवोच्या थिंकपॅडची ई सीरिज, जे समोर आलं ते हाताळलं. एका दुकानातला मुलगा शेवटी म्हणाला, "मॅडम, लॅपटॉप घेताय की दरवाजा?"

त्याला हसू आलं, पण मी बघत होते ते हे. झाकण कोपऱ्याला धरून सावकाश उघडायचं आणि नजर समोरच्या स्क्रीनवर नाही, मागच्या हिंजवर ठेवायची. तिथली प्लास्टिकची फट रुंदावते का? एका मशीनमध्ये नखभर रुंदावली, तीही डिस्प्लेच्या पीसमध्ये, ज्याला गिऱ्हाइकांनी फार तर महिनाभर हाताळलं असेल. मग उघडा लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचलायचा. बॉडी थोडी कुरकुरली तर ठीक, समजून घ्यायचं. पण एकात टचपॅड आपोआप क्लिक झाला! म्हणजे बूड एवढं पिळवटलं की आतून बटण दाबलं गेलं. ते तिथेच ठेवलं. कीबोर्डच्या मधोमध, जी-एचच्या आसपास, बोट दाबून बघायचं. तिथे थोडं खाली जातंच, पण गादीसारखं नको.

'मेटल बॉडी' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फक्त वरचं झाकण धातूचं असतं. एसी दुकानात हे ओळखणं सोपं: तळहात ठेवा. धातू गार लागतो, चंदेरी रंग दिलेलं प्लास्टिक लागत नाही. हात ठेवायच्या जागी आणि बुडाला, दोन्हीकडे लावून बघा.

आणि ते मिलिटरी ग्रेडचं स्टिकर. मिल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकन संरक्षण खात्याचं २०१९ सालचं चाचण्यांचं पुस्तक आहे. आपटणं, थरथर, धूळ, दमटपणा अशा बऱ्याच चाचण्या त्यात आहेत. त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनी ठरवते, लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. किती चाचण्या आणि कोणत्या, हे मी प्रत्येक दुकानात विचारलं. उत्तर सगळीकडे एकच: "मॅडम, एकदम मजबूत आहे."

त्यापेक्षा एक काम घरी बसून करा. बिझनेस सीरिजच्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात. लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल असतं. हिंज कुठे आणि किती स्क्रूंनी कसलंय, रॅम बदलता येते की बोर्डवरच सोल्डर केलीय, हे चित्रांत दिसतं. दुकानात कुणी मागचं कव्हर उघडून दाखवणार नाही. दाखवावं अशी अपेक्षाही नाही.

शेवटी थिंकपॅड ई१४ घेतला, सहावी जनरेशन. वरचं झाकण ॲल्युमिनियमचं, बूड प्लास्टिकचं, वजन दीड किलोच्या आत. रॅमला दोन स्लॉट, सोल्डर केलेली नाही, पुढे बदलता येते, म्हणून १६ जीबीवर थांबले. टाइप-सीचे दोन पोर्ट, दोन्हींवर चार्ज होतो. पॅकहाउसमध्ये चार्जरच्या वायरीत रोज कुणाचा तरी पाय अडकतो, त्यामुळे एक पोर्ट गेला तर दुसरा आहे ही गोष्ट मला प्रोसेसरपेक्षा मोठी वाटते. नेटवर्कची केबल थेट लागते. की दाबल्याचं बोटाला कळतं, रात्री अकराला पॅकिंग लिस्ट मारताना हे महत्त्वाचं. झाकण १८० अंशात सपाट होतं, म्हणजे कुणी मागे ढकललं तरी हिंजला एवढ्या-तेवढ्यात अडायचं कारण नाही.

स्क्रीन साधा घेतला, उजेड ३०० निट्स, रंगांची व्याप्ती ४५ टक्के एनटीएससी. असल्या पॅनेलवर रंग फिकेच दिसणार. बायरने मण्यांच्या डागांचे फोटो पाठवले की मी ते मोबाइलवरच बघते. तुमचं काम फोटोंचं असेल तर जास्त पैसे घालून वरचा पॅनेल घ्या. वॉरंटी मात्र तीन वर्षांची, ऑनसाइट (दुरुस्तीवाला जागेवर येतो ती) घेतली, त्यासाठी शेठशी थोडं भांडावं लागलं.

जानेवारी ते एप्रिल, चार महिने झाले. हिंजजवळची फट रोज नाही, पण दर सोमवारी बघते; अजून नख शिरत नाही. प्रीकूलिंगच्या, म्हणजे द्राक्षं गार करायच्या, खोलीत मी तो नेत नाही, बाहेर आलं की दव धरतं.

जुना अजून चालू आहे. वजनकाट्याजवळ, त्याच खोक्याला टेकून, आणि झाकणावर मार्करने लिहिलंय: मिटू नये.