नोकरी हिंजवडीत लागली: घर वाकडला घ्यायचं की कोथरूडला?

नोकरी पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कात, पगार पहिलाच, दोघं-तिघं मिळून टू बीएचके घ्यायचा विचार. बाणेर-बालेवाडीची भाडी पाहून परत फिरलं की यादीत बहुतेक वेळा दोनच नावं उरतात.

अंतराचा हिशेब उघडपणे वाकडच्या बाजूने आहे. वाकडच्या कस्पटे वस्तीतून आयटी पार्कचा फेज वन चार-पाच किलोमीटरवर आहे. कोथरूडहून चांदणी चौक, बावधन, बालेवाडी असं हायवेने गेलं तर पंधराच्या वर जातं. फक्त वाकडला घर हायवेच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला असेल तर सकाळी भूमकर चौकाचा भुयारी मार्ग नाहीतर वाकडचा पूल ओलांडावाच लागतो. नऊनंतर तेवढ्याला दुचाकीवरही अर्धा तास जातो, साडेआठच्या आत निघालात तर त्याच्या निम्मा. कोथरूडहून तासभर धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. कंपनीची बस असेल तर थांबा कुठे आहे ते विचारूनच गल्ली ठरवा, कारण पौड रोडचा थांबा कर्वेनगरच्या पोराला सोयीचा नसतो.

वाकडला घर मिळतं पटकन. लिफ्ट, पार्किंग, नवं वायरिंग, आणि बॅचलर म्हटल्यावर नाक मुरडणारे कमी. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत ‘फक्त फॅमिली’ ऐकायची तयारी ठेवा. डहाणूकर किंवा मयूर कॉलनीत दहा फोन केले की दोन घरं दिसतात. तीही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि जुन्या वायरिंगवर गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं की फ्यूज उडतो. कर्वेनगर, भुसारी कॉलनी इथे विद्यार्थ्यांची सवय असल्याने काम सोपं होतं.

माझ्यासाठी पारडं कोथरूडकडे फिरलं ते पाण्यामुळे. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा सुरू झाला. मोठी सोसायटी उरलेली गरज बोअर आणि टँकरवर भागवते. नळाला पाणी असतं, त्यामुळे घर बघायला गेल्यावर काहीच कळत नाही. कळतं ते महिन्याभराने. साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं पांढऱ्या थराने बुजतात, गीझरच्या कॉइलवर क्षार बसून पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जाते. टँकर उशिरा आला तर सोसायटी पाण्याच्या वेळा ठरवते, आणि त्या वेळा नेमक्या ऑफिसला निघायच्या वेळेवर येतात. तीन जणांच्या घरात सकाळी साडेसातला पाणी गेलं की उरलेला दिवस त्याच चिडचिडीत जातो.

म्हणून घर सकाळी साडेसात-आठच्या सुमारास बघा. बाथरूमच्या नळाची जाळी फिरवून काढा. आत पांढरा कुरकुरीत थर दिसला तर पाणी बोअर-टँकरचं समजायचं. टँकर आठवड्याला किती येतात हे मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा. उन्हाळ्यात टँकरचे जादा पैसे कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. ‘मेंटेनन्स मालकाकडे’ एवढ्याने भागत नाही.

कोथरूडलाही पाणी चोवीस तास नसतं, वरच्या मजल्यावर दाबही कमी असतो. पण महापालिकेचं धरणाचं पाणी रोज येतं, टाकी भरते, आणि माझ्या अनुभवात टँकरची वाट बघावी लागत नाही. सगळ्याच इमारतींची हमी देता येणार नाही, पण फरक जाणवण्याइतका आहे.

करार दोन्हीकडे सारखाच, अकरा महिन्यांचा. भाडं २४,००० आणि परतीची अनामत ७५,००० धरली तर मुद्रांक शुल्क ७०० रुपयांच्या आसपास येतं आणि नोंदणी फी १,०००. एजंट यापेक्षा बराच मोठा आकडा सांगेल, तेव्हा त्यातली त्याची मजुरी किती ते वेगळं विचारा. कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, सहा महिन्यांहून जास्त मान्य करू नका, कारण पहिल्या नोकरीत प्रोजेक्ट बदलायला वेळ लागत नाही.

तो बदलून खराडीला गेला तर वाकडहून रोज अख्खं शहर ओलांडायचं. कोथरूडला वनाजहून मेट्रोत बसलं की रामवाडी, आणि पुढे थोडी रिक्षा किंवा बस. रात्री साडेनऊला परतल्यावरही चालण्याच्या अंतरावर पोळी-भाजी मिळण्याची शक्यता इथे जास्त.

ऑफिस आठवड्याचे पाचही दिवस आणि तेही फेज थ्रीला असेल, तर मात्र मी कोथरूडचा आग्रह धरणार नाही. मग हायवेच्या पलीकडे, हिंजवडीच्या बाजूला घर शोधा आणि नळाची जाळी तिथेही काढून बघा. दोन-तीन दिवसच जायचं असेल तर कोथरूडला आणखी पंधरा दिवस फोन करत राहण्याची मेहनत घ्या. मे महिन्याच्या शेवटी जुन्या मुलांच्या खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा निवड सगळ्यात जास्त असते.