सिंगापूरमध्ये मुलांना कुठे घालावं: लोकल शाळा की भारतीय शाळा?

माझ्या मुलीने दोन्ही पाहिल्या. तीन वर्षं सीबीएसईची भारतीय शाळा, मग आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर तिसरीपासून लोकल शाळा.

भारतीय शाळेच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. गणित पक्कं झालं, बाई मायेच्या होत्या. वर्गात तमिळ, बंगाली, पंजाबी मुलं होती, तेही वैविध्यच. दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईला परतायचं नक्की असेल, तर मी हीच शाळा सुचवेन.

मला खुपली ती बस. पहाटे सव्वासहाला न्यायची, चार वाजून गेल्यावर आणून सोडायची. इथल्या सरकारी घरांत १९८९पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं, याची मर्यादा ठरलेली आहे, म्हणून आमच्या मजल्यावर चिनी, मलय, तमिळ सगळे आहेत. त्यांची मुलं दुपारी दीड-दोनला घरी येऊन खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, खेळत. आमची पोचेपर्यंत ती ट्यूशनला गेलेली असत. समोरच्या दारातल्या मलय मुलीचं नाव तिला दोन वर्षांनी कळलं, तेही लिफ्टमध्ये त्या मुलीच्या आईने आपणहून ओळख काढली म्हणून. त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ गप्प होतो.

लोकल शाळेतही सगळं सोपं नाही. पहिले काही महिने मधल्या सुट्टीत मुली मँडरीनमध्ये बोलायच्या आणि ही एकटी पडायची. सहावीच्या शेवटी होणाऱ्या पीएसएलई या सरकारी परीक्षेचं दडपण चौथीपासूनच घरात शिरतं. शाळेत मातृभाषेचा विषय म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती, उर्दू घेता येते, मराठी नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘मातृभाषा: हिंदी’ असं वाचताना मला अजून वाईट वाटतं. मराठी घरीच जपावी लागते, रोज, नेटाने.

२१ जुलैला इथे वांशिक सलोखा दिन असतो, १९६४च्या दंगलींची आठवण म्हणून. मुलगी परकर-पोलकं घालून गेली, छान वाटलं. पण एका दिवसाच्या पोशाखाने फार काही शिकता येतं असं मला वाटत नाही. ती शिकली कँटीनमध्ये. रमजानात मैत्रीण रोजा धरून शेजारी बसलेली, म्हणून हिने डबा उघडलाच नाही. मैत्रीणच म्हणाली, “तू खा गं, तू उपाशी राहिलीस तर मला वाईट वाटेल.” हे तिने रात्री आम्हाला जेवताना सांगितलं.

प्रत्येक घराचं गणित वेगळं, हे मान्य. पीआर नसेल तर लोकल शाळेत पहिलीला जागा उरल्या तरच मिळते, पुढच्या वर्गांसाठी प्रवेशपरीक्षा असते आणि फीही बरीच जास्त पडते. मुलगा असेल तर पुढच्या सक्तीच्या लष्करी सेवेचा विचार पीआर घेण्याआधीच करा. पण पाच-सात वर्षं राहायचं ठरलं असेल आणि लोकल शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असेल, तर मी तिथेच घालीन. समोरची मलय मुलगी आणि आमची आता सकाळी एकत्रच लिफ्टने खाली उतरतात.