पंचवटीतील एक मेडिकल : खोकल्याची दुसरी बाटली सहज न देणारे दुकान

पंचवटीत आमच्या घराजवळ असलेल्या या औषधांच्या दुकानाविषयी लिहावेसे वाटते, ते तेथे मिळणाऱ्या सवलतीमुळे नव्हे, तर खोकल्याचे औषध मागणाऱ्या प्रत्येकाला तेथील फार्मासिस्ट ताई जो प्रश्न आधी विचारतात, त्यामुळे : "खोकला किती दिवसांपासून आहे?" नाशिकची थंडी वाढली की दुकानात उभे राहायला जागा नसते, तरीही हा प्रश्न त्या टाळत नाहीत.

माझ्या सासूबाईंसाठी पहिल्यांदा सिरप घेतले, तेव्हा खोकला कोरडा आहे की कफाचा आणि त्यांना मधुमेह आहे का, हे विचारून ताईंनी साखर नसलेले औषध दिले. तीच बाटली पुन्हा मागितल्यावर मात्र त्यांनी नम्रपणे नकार दिला. डेक्स्ट्रोमेथॉर्फनसारखे खोकला दाबणारे औषध स्वतःच्या मनाने 7 दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये, आणि त्याआधीही ताप, पुरळ किंवा सतत डोकेदुखी असल्यास किंवा बरा झालेला खोकला पुन्हा सुरू झाल्यास डॉक्टरांना दाखवावे, असे त्यांनी सांगितले. आठव्या दिवशी औषध घातक होते असे नाही, सर्दीनंतरचा साधा खोकलाही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो; परंतु इतके दिवस दाबून ठेवावा लागणाऱ्या खोकल्यामागे दमा, आम्लपित्त किंवा क्षयरोग असू शकतो आणि सिरपमुळे त्याचे निदान लांबते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास त्या थेट जिल्हा रुग्णालयात थुंकी तपासून घ्यायला सांगतात. ही तपासणी तेथे मोफत होते.

त्यांनी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीचे नावही विचारले. ती रामिप्रिल होती. या गटातील गोळ्यांमुळे काहींना चिवट कोरडा खोकला होतो आणि तो कोणत्याही सिरपने थांबत नाही. मात्र गोळी परस्पर बंद करू नका, असे त्यांनी बजावले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

लहान मुलांच्या बाबतीत दुकान अधिकच कडक आहे, आणि ते योग्यच आहे. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे बालके दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने 2 वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, तसेच 5 वर्षांखालील मुलांसाठीही ती सहसा योग्य नाहीत, असे कळवले. कोडीन (सवय लागू शकणारे अफूवर्गीय औषध) असलेले सिरप तर येथे चिठ्ठीशिवाय कोणालाच मिळत नाही.

उणिवा दोन आहेत. रात्री ताई नसतात, तेव्हा काउंटरवरील मुलगा काहीही न विचारता बाटली हातात ठेवतो. ज्या दुकानाचा विश्वास याच प्रश्नावर उभा आहे, तेथे हे व्हायला नको. दुसरे म्हणजे, मात्रा तोंडी सांगितली जाते. ती, तसेच औषध कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे हे बाटलीवर लिहून दिले, तर घरातील वृद्धांची मोठी सोय होईल.