कार्लोव्ही व्हारी की बुडापेस्ट?
आधी ठरवा, गरम झऱ्याचं पाणी प्यायचंय की त्यात डुंबायचंय? चेकियातल्या कार्लोव्ही व्हारीत मुख्य उपचार पिण्याचा. तिथल्या सर्वांत मोठ्या झऱ्याचं पाणी सुमारे ७३ अंश सेल्सिअस. चोचीच्या कपातून घोट घोट घेत लोक खांबांच्या लांब ओसऱ्यांतून फिरतात. चव खारट, पहिल्यांदा नकोशीच. कुठल्या झऱ्याचं, किती, केव्हा प्यायचं हे डॉक्टर लिहून देतात. पूर्ण उपचाराला दोन-तीन आठवडे लागतात. बुडापेस्टला एक दुपारही पुरते. १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहात भर हिवाळ्यात उघड्या कुंडात, वाफेत बसून माणसं बुद्धिबळ खेळतात. नुसते सांधे आखडले असतील, तर मी बुडापेस्टच सुचवेन. हृदयविकार असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.