सीएस अनप्लग्ड: सत्तरीच्या एका वर्गात वापरून पाहिलेलं

पहिली ते चौथी मिळून माझ्याकडे 17 मुलं आहेत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, दोन खोल्या, पुढे ओटी. शाळेतला एकुलता संगणक माहिती भरण्याच्या कामात अडकलेला असतो आणि पावसात वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी मुलांना संगणकाचा विचार कसा शिकवायचा, हा प्रश्न घेऊन मी सीएस अनप्लग्ड हे संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारं, फुकट मिळणारं साहित्य दोन वर्षं वापरते आहे. ते घ्यावं का, असं मला इतर शाळांतल्या बाई विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधी जे फसलं ते सांगते. एका खाजगी कंपनीचे शिक्षक टॅब घेऊन शाळेत आले होते. पालकांनी मुलामागे 300 रुपये भरले. दोन दिवस मुलांनी पडद्यावरचे रंगीत ठोकळे सरकवले, शेवटी प्रमाणपत्रं वाटली. टॅब परत गेले, लॉगिन बंद झालं. पुढच्या सोमवारी मी विचारलं, काय शिकलात? एकालाही सांगता येईना. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचे ते पैसे होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सीएस अनप्लग्ड हे न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचं काम. टिम बेल, माइक फेलोज आणि इयन विटन यांनी 1990 च्या दशकात ते सुरू केलं. संगणकाच्या आत जे चालतं ते पत्ते, दोरी, खडू आणि मुलांची पावलं वापरून शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्यामुळे भाषांतर करून वर्गात वाटायला आडकाठी नाही. संगणकशास्त्रज्ञ जीनेट विंग यांनी 2006 मध्ये मांडलं होतं की वाचन, लेखन, अंकगणिताबरोबर संगणकीय विचारही, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याची पद्धतही, प्रत्येक मुलाला यायला हवी. प्रत्येक मुलाला, म्हणजे ज्याच्या शाळेत वीज नाही त्यालाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

पहिला खेळ द्विमान संख्यांचा, म्हणजे संगणक वापरतो तशा, फक्त 0 आणि 1 नी लिहायच्या संख्यांचा. मूळ पत्रकात ठिपक्यांची पाच कार्डं आहेत. मी मे महिन्यात वाळवून ठेवलेल्या काजूच्या बिया घेतल्या आणि पाच पुड्या बांधल्या: 16, 8, 4, 2 आणि 1. अट एवढीच की पुडी फोडायची नाही. "मला 11 बिया द्या." तिसरीतल्या मुलाने आधी 16 ची पुडी उचलली, हातात तोलली आणि परत ठेवली. मग 8, मग 2, मग 1. "आता 19." या वेळी मात्र 16 ची पुडी पहिल्यांदा आली. दिलेल्या पुडीखाली 1 आणि राहिलेल्या पुडीखाली 0 असं फळ्यावर लिहिलं: 01011, 10011. मी 32 मागितल्या तेव्हा सगळ्यांनी पाचही पुड्या पुढे केल्या, मोजल्या, 31 भरल्या. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, मागीर सवी पुडी बत्तीसाची जाय!" (मग सहावी पुडी बत्तीसाची हवी!) दुप्पट करत जायचं, हे मी तोपर्यंत एकदाही सांगितलं नव्हतं.

आमच्यासारख्या बहुवर्गी शाळेला सगळ्यात उपयोगी पडलं ते क्रमवारीचं जाळं. शाळेला लागून देवळाचा मंडप आहे, त्याच्या फरशीवर खडूने रेघा मारल्या, 12 वर्तुळं काढली. सहा मुलं एका टोकाला हातात एकेक संख्या घेऊन उभी राहतात. रेघेवरून चालत वर्तुळात यायचं, तिथे दुसरं मूल येईपर्यंत थांबायचं, संख्या पाहायच्या, लहानवाला डावीकडे, मोठावाला उजवीकडे. कशीही उभी राहिली तरी दुसऱ्या टोकाला सहाही जणं चढत्या क्रमाने बाहेर पडतात. एका वेळी दोन-तीन जोड्या भेटतात, म्हणून 12 तुलना पाच फेऱ्यांत उरकतात; एकाच वेळी अनेक कामं करणारा संगणक यंत्राशिवाय समजतो. पहिलीच्या मुलांना 1 ते 10 द्या, चौथीच्या मुलांना चार अंकी संख्या द्या, नाहीतर बाराखडीच्या क्रमाने लावायचे शब्द द्या. रेघा त्याच. त्या दिवशी पहिलीतली एक मुलगी 4 चा कागद छातीशी धरून वर्तुळात एकटी उभी होती आणि चौथीतल्या दादाला हाका मारत होती, "यो रे बेगीन!" (ये रे लवकर!) तो आला नाही तर आपण पुढे सरकू शकत नाही, हे तिला पुरतं कळलेलं होतं.

छत्तीस पत्त्यांचा खेळ मुलांना जादू वाटतो. जुन्या लग्नपत्रिका कापून मी पत्ते केले, एक बाजू रंगीत, एक कोरी. मूल पाच आडव्या ओळी आणि पाच उभ्या रांगा लावतं, आपण आणखी एक ओळ आणि एक रांग जोडतो, पण अशी की प्रत्येक ओळीत आणि रांगेत रंगीत पत्ते सम भरतील. पाठ वळवल्यावर कोणी एक पत्ता उलटला तर एक ओळ आणि एक रांग विषम होते. जिथे दोन्ही छेदतात तोच पत्ता. गणेश चतुर्थीच्या सुट्टीत एका मुलीने माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडणीखाली, बसून मामांना हे करून दाखवलं. तिची आई शाळेत विचारायला आली, तेव्हा मी आधार कार्ड काढायला लावलं. त्यातला बारावा आकडा पडताळणीचाच असतो. गणित वेगळं, कल्पना हीच: चूक झाली तर कळावी म्हणून एक जास्तीचा आकडा.

चिखलाच्या गावाचा खेळ आमच्याकडे मूळ देशापेक्षा जास्त शोभतो. घरं, मधल्या वाटा, प्रत्येक वाटेला लागणाऱ्या फरशा. सगळी घरं जोडायची, पण फरशा कमीत कमी. मी घरांऐवजी गावातले दहा वाडे, म्हणजे वस्त्या, काढल्या. नऊ वाटा पुरतात हे मुलांनी स्वतः शोधलं. चेक गणितज्ञ ओटाकर बोरूव्का यांनी 1926 मध्ये त्यांच्या देशातल्या मोराविया भागात विजेच्या तारा ओढण्यासाठी हेच कोडं सोडवलं होतं. हे सांगितलं तेव्हा मुलं खिडकीतून खांबांकडे बघायला लागली. हा खेळ सीएस अनप्लग्डच्या साइटच्या जुन्या, क्लासिक भागात शोधा.

आता उणिवा. मी वापरते ती पत्रकं इंग्रजीत आहेत आणि सरळ भाषांतर चालत नाही. मुलांना यंत्रमानव करून चौकटींवर चालवायचा खेळ पहिल्या दिवशी पार कोलमडला. मी "उजवीकडे वळ" म्हटलं की मूल वळून एक पाऊल पुढेही टाकायचं. चूक मुलाची नव्हे. रस्ता सांगताना "देवळाकडे उजवीकडे वळ" म्हणजे वळून पुढे जाच, असंच आपण बोलतो. दोन दिवस विचार करून मी आज्ञा बदलल्या: "जाग्यावर उजवीकडे फीर" आणि "एक पाऊल पुढे". त्यानंतर मुलं स्वतःच्या आज्ञांतली चूक स्वतः शोधू लागली. सांगणारा, चालणारा आणि चूक टिपणारा अशी तिघांची जोडणी ठेवली की एकही मूल रिकामं बसत नाही.

दुसरी उणीव जास्त मोठी. खेळ संपल्यावर संगणकाशी नातं शिक्षकाने जोडून दिलं नाही, तर तो नुसता खेळच राहतो. पहिल्या वर्षी मी तिथे कमी पडले. मुलं पुड्या मागायची, पण 0 आणि 1 कशाला हे विसरलेली असायची. आता प्रत्येक खेळानंतर दहा मिनिटं राखते आणि एकुलता संगणक, मोबाइल किंवा पुस्तकावरचा बारकोड समोर ठेवते. शिवाय तयारीला वेळ लागतो. जाळं आखायलाच अर्धा तास जातो.

गोव्यात सरकारची केअर्स योजना सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवते. माझी मुलं तिथे पोचतील तेव्हा आज्ञा, क्रम, पुनरावृत्ती, चूक शोधणं हे शब्द त्यांच्या ओळखीचे असावेत, एवढ्यासाठी मी हे करते. प्राथमिकच्या शिक्षकांनी हे साहित्य जरूर घ्यावं.

सुरुवात पुड्यांपासून करा, खर्च शून्य आहे. जाळं मात्र उन्हाळ्यातच आखून बघा. जूनमध्ये मंडपाची फरशी ओली असते, खडू उठत नाही. म्हणून तेव्हा आम्ही रेघांच्या जागी सुतळी ताणून चिकटपट्टीने बसवली, आणि वर्तुळांच्या जागी नारळाच्या करवंट्या ठेवल्या.