अबलख निशाण आणि त्याचे दोन सोबती : ध्वज-प्रतिकृतींच्या संचाचे परीक्षण

मध्ययुगीन युरोपातील लष्करी धर्मसंघांनी रणांगणावर नेलेल्या निशाणांच्या प्रतिकृतींचा एक संच मी गेल्या हिवाळ्यात परदेशातील एका कार्यशाळेकडून मागवला. टेंप्लर, हॉस्पिटलर आणि ट्यूटॉनिक या तीन संघांची तीन निशाणे त्यात आहेत. क्रुसेडचा, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धांचा, विषय शिकवताना नुसती चित्रे दाखवून भागत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव असल्यामुळे, सीमाशुल्क धरून 14,000 रुपयांवर गेलेला हा खर्च मी मागेपुढे न पाहता केला.

निशाण भिंतीवर शोभते का, हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. घोड्यांच्या टापांनी उडालेल्या धुळीत, शिरस्त्राणाच्या फटीतून पाहणाऱ्या स्वाराला आपली माणसे कुठे आहेत आणि कुठे परत जमायचे आहे, हे एका नजरेत कळावे यासाठी ही निशाणे होती. म्हणून तिन्ही निशाणे दहा फुटी बांबूंवर चढवून मी मोकळ्या मैदानात उभी केली आणि 150 पावलांवरून, वारा असताना आणि वारा पडल्यावर, अशी दोन्ही वेळा पाहिली.

टेंप्लरांचे निशाण या कसोटीला पूर्ण उतरले. वरचा अर्धा भाग काळा, खालचा अर्धा पांढरा, एवढेच त्याचे रूप आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या निशाणाला जे नाव होते ते काळ्या-पांढऱ्या अंगाच्या घोड्यासाठी वापरले जाई, आणि आपल्याकडचा ‘अबलख’ हा शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो. तेराव्या शतकात इंग्लंडमधील मॅथ्यू पॅरिस या भिक्षूने आपल्या इतिवृत्तात ते असेच, काळा भाग वर ठेवून, रेखाटले आहे. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील एकर या शहराचा बिशप जाक द व्हित्री याने या दोन रंगांचा अर्थ मित्रांसाठी शुभ्र आणि शत्रूंसाठी काळे व भयंकर असा लावला होता. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृतींवर मधोमध मोठा तांबडा क्रूस छापलेला असतो. या कार्यशाळेने तो मोह टाळला, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे.

कापड जाडसर लोकरीचे आहे, पोत किंचित खरखरीत आहे आणि काळा रंग ओल्या फडक्याने घासूनही सुटला नाही. दोन्ही तुकडे जिथे जोडले आहेत ती शिवण मी भिंगाखाली पाहिली. काळ्या तुकड्याची कड आत दुमडून पांढऱ्यावर बसवली आहे, टाके हाताचे आहेत, थोडे तिरके पण एकसारख्या अंतरावर, आणि मागच्या बाजूला एकही दोरा लोंबत नाही. भाला ओवण्यासाठी कडेला शिवलेला नेफा दुहेरी कापडाचा आहे, त्यामुळे तासभर वाऱ्यात फडफडूनही तो कुठे उसवला नाही. 150 पावलांवरून काळे-पांढरे स्पष्ट दिसत होते. वारा पडून निशाण काठीला लपेटले गेले, तरी दोन्ही रंग ओळखू येत होते.

संचासोबतच्या पुस्तिकेने ज्याला जेमतेम दोन ओळी दिल्या आहेत, तो टेंप्लरांच्या नियमावलीतील निशाणाचा भाग मला इथे सविस्तर सांगावासा वाटतो, कारण तो वाचल्याशिवाय हे कापड हातात घेण्यात अर्थ नाही. लढाईच्या वेळी निशाण संघाचा मार्शल, म्हणजे सेनाप्रमुख, स्वतः हाती घेई आणि त्याच्या रक्षणासाठी दहापर्यंत नाइट नेमले जात. त्यांच्यापैकी एकाच्या भाल्याला दुसरे निशाण गुंडाळून बांधलेले असे, म्हणजे मार्शलचे निशाण पडले किंवा फाटले, तर हे लगेच उलगडता यावे. निशाणाचा भाला खाली करून त्याने शत्रूवर वार करण्यास सक्त मनाई होती. तसे केल्यास संघाचा झगा काढून घेतला जाई, आणि त्यामुळे नुकसान झाले तर बेड्यांचीही शिक्षा होऊ शके. काळे-पांढरे निशाण उभे आहे तोवर मैदान सोडणाऱ्याला संघातून कायमचे काढले जाई. आणि आपले निशाण नाहीसे झालेच, तर हॉस्पिटलरांच्या किंवा अन्य ख्रिस्ती निशाणाखाली जाऊन लढत राहावे, अशी आज्ञा होती. एरवी परस्परांशी सतत भांडणाऱ्या दोन संघांपैकी एकाने दुसऱ्याच्या निशाणाला आपल्या नियमांत अशी जागा द्यावी, हे मला विलक्षण वाटते.

म्हणूनच या संचातील हॉस्पिटलरांच्या निशाणाने अधिक निराशा केली. कापड तितकेच चांगले आहे, तांबडा रंग खोल आणि एकसारखा आहे, परंतु त्यावर आज माल्टाचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा आठ टोकांचा पांढरा क्रूस शिवला आहे. संघाच्या रणनिशाणावर तांबड्या पार्श्वभूमीवर साधा, सरळ पट्ट्यांचा पांढरा क्रूस असे. 1480 मध्ये ऑटोमन सैन्याने ऱ्होड्सला, म्हणजे संघाचे तेव्हा ठाणे असलेल्या बेटाला, घातलेल्या वेढ्याच्या हस्तलिखितातील चित्रांत तटांवर आणि जहाजांवर तोच साधा क्रूस फडकताना दिसतो, आणि या संघाचा अधिकृत ध्वज आजही तोच आहे; आठ टोकांच्या क्रूसाचा तांबडा ध्वज त्याच्या सेवाकार्यासाठी वेगळा वापरला जातो. मैदानातही फरक जाणवला, कारण लांबून ती आठ टोके एकमेकांत मिसळून मधोमध पांढरा ठिपका तेवढा उरला.

तिसरे निशाण ट्यूटॉनिक संघाच्या ग्रँडमास्टरचे, म्हणजे संघप्रमुखाचे, आहे : पांढऱ्यावर काळा क्रूस, त्यावर सोनेरी क्रूस आणि मध्यभागी सोनेरी ढालीत काळा गरुड. हे शिवलेले नाही, पॉलिस्टरवर छापलेले आहे, आणि विक्रेत्याच्या वर्णनात याचा उल्लेख नव्हता. हातभर अंतरावरून पाहिले तर गरुडाच्या पिसांच्या कडा पुसट आहेत आणि सोनेरी रंग मोहरीच्या पिवळ्यावर गेला आहे. मागून निशाण जवळजवळ कोरे दिसते, आणि दोन्ही बाजूंनी वाचता न येणारे निशाण म्हणजे अर्धेच निशाण.

या निशाणाच्या बाबतीत अचूक नमुना उपलब्ध असताना असे व्हावे, याची खंत वाटते. 15 जुलै 1410 रोजी ग्रुनवाल्डच्या लढाईत ग्रँडमास्टर उलरिख फॉन युंगिंगन मारला गेला आणि संघाची डझनावारी निशाणे पोलंड-लिथुआनियाच्या हाती पडली. ती पोलंडमधील क्राकूवच्या वावेल कॅथीड्रलमध्ये टांगण्यात आली, आणि 1448 मध्ये इतिहासकार यान द्लुगोश याने स्तानिस्वाव दुरिंक या चित्रकाराकडून 56 निशाणांची रंगीत चित्रे चर्मपत्रावर काढून घेतली. मूळ कापडे काळाच्या ओघात नष्ट झाली, पण ते हस्तलिखित क्राकूवच्या यागेलोनियन ग्रंथालयात आहे. त्या 56 निशाणांत हेउम्नो प्रांताचे, तांबड्या-पांढऱ्या लाटांचे निशाणही आहे. लढाई ऐन भरात असताना ते निकोलस फॉन रेनिस याने खाली केले, त्यामुळे माघार सुरू झाली, असा आरोप ठेवून संघाने 1411 मध्ये त्याचा शिरच्छेद केला. संचात ग्रँडमास्टरच्या निशाणाऐवजी हे हेउम्नोचे निशाण घेतले असते, तर शिवायलाही सोपे गेले असते आणि विद्यार्थ्यांना सांगण्यासारखेही अधिक होते.

गोव्याच्या किंवा कोकणच्या वाचकाला पोर्तुगालच्या ख्रिस्तसंघाचे निशाणही संचात असावे असे वाटेल. टेंप्लरांचा संघ विसर्जित झाल्यावर त्यांच्या पोर्तुगालमधील मालमत्तेतून 1319 मध्ये हा संघ उभा राहिला, आणि त्याचाच तांबडा क्रूस शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजे आपल्या किनाऱ्याला आली. कार्यशाळेच्या यादीत ते नाही.

पाठवणी व्यवस्थित झाली. निशाणे घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेली होती, त्यामुळे एकही सुरकुती पडली नव्हती. आठ टोकांच्या क्रूसाबद्दल आणि छपाईबद्दल मी लिहिले, तेव्हा दोन दिवसांत सभ्य उत्तर आले. छापील निशाणाचे पैसे परत मिळाले, क्रूसाबाबत मात्र ‘ग्राहकांना हाच क्रूस ओळखीचा वाटतो’ एवढेच कळवण्यात आले. टेंप्लरांचे निशाण तिथे सुटेही मिळते, आणि तेवढेच मागवावे, असे मी निःसंकोचपणे सुचवीन. हॉस्पिटलरांचे निशाण मी आमच्या शिंप्याकडे दिले आहे. तो आठ टोकांचा क्रूस उसवून त्याच पांढऱ्या कापडातून सरळ पट्ट्या बेतणार आहे, आणि कापड चार बोटे कमी पडत असल्यामुळे तशाच पोताच्या लोकरीचा तुकडा सध्या आम्ही शोधत आहोत.